उडत्या चेंडूले आवतन

वर्धा
२० जुलै २०२५

ती. मोठेबाबा,

पाया पडते. हे पत्र बंडूजींच्या भाजीच्या गाडीत, वांग्यांच्या रिकाम्या कॅरेटमध्ये ठेवलं आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तुम्ही तयार नाही. आमचे फोन रविवारपर्यंत होस्टेलच्या मॅडमच्या कपाटात कुलूपबंद असतात. म्हणून आता आपलं बोलणं कागदावर.

बातमी सांगते. आमच्या ज्युनिअर कॉलेजात झाडे सरांनी ड्रोन सॉकरचा संघ काढला आहे. पन्नासेक मुलामुलींनी नावं दिली होती, त्यातून पाच निवडले. मी त्या पाचात आहे, आणि पाचात मुलगी मी एकटीच. सप्टेंबरच्या शेवटी नागपूरला स्पर्धा आहे. मला अकरावीत येऊन महिना झाला नाही, वर्गात अजून कोणी नीट ओळखत नाही, आणि परवा सूचनांच्या पाटीवर माझं नाव लागलं. मी तीनदा जाऊन वाचलं.

आई-बाबांना हे पत्र वाचून दाखवा. मोठ्याईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची अंकिता

-----

हिंगणी
२४ जुलै

चि. अंकिता,

तुले माह्या अन् मोठ्याईचा आशीर्वाद, अन् सोबत शेपूच्या दोन जुड्या. पत्र भेटलं. एक कोपरा बंडूजीच्या तंबाखूनं पिवळा झाला होता, पण अक्षर शाबूत होते. मी तुह्या आईबाबाले मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे किती, थे मले समजत नाई. पण शेजारच्या वावरातून तानबानं हात हलवून शाबासकी देली, म्हणजे त्यालेही ऐकू गेलं असन.

पण पोरी, हे ड्रोन सॉकर म्हणजे काय भानगड आहे? ड्रोन म्हणजे मांगच्या साली रूपरावच्या कपाशीवर फवारणी करून गेलता, थोच न? पाठीवर टाकी घेऊन उडे. त्याच्या पंख्याच्या हवेनं आपल्या वाफ्यातला हिरवा सांबार पार झोपला होता. आता त्या धुडाले तुमी लाथा मारता का? त्याचे पंखे पाय कापून टाकतीन. तुह्या मोठ्याईनं तर डोळ्याले पदर लावला. म्हणे, नातीले घरी आणा. मी सांगतलं का थांब, पह्यले इच्यारून पाहू.

इकडं सर्व बरं आहे. पाखऱ्या मेल्यापासून मी बैलायच्या कोठ्यात पाय ठेवला नाई, थे तुले मालूमच आहे. मोऱ्या एकटा चारा खाईना, म्हणून त्याले गिरडले तुह्या आत्याकडं धाडला. तठी त्याले नवी जोडी भेटली, आता खाऊन राह्यला म्हणते. यंदा वावर तानबाच्या ट्रॅक्टरनं वखरलं. काम झटकन होते, पण ट्रॅक्टरशी बोलता येत नाई. बैलाशी बोलाले मले कान लागत नव्हते.

लवकर उत्तर देजो. मोठ्याई वाट पाहून राह्यली, पाय राह्यले का गेले.

मोठेबाबा

-----

वर्धा
२८ जुलै

ती. मोठेबाबा,

मोठ्याईला सांगा, दोन्ही पाय जागेवर आहेत. या खेळात पाय लावायचाच नसतो.

नीट सांगते. यात चेंडू वेगळा आणि ड्रोन वेगळा असं नाही. ड्रोन हाच चेंडू. आपण कोंबडीची पिल्लं डालीखाली झाकतो ना? तशा दोन लहान डाली तोंडाला तोंड लावून शिवल्या, असं समजा. झाला एक गोल पिंजरा, कोहळ्याएवढा. तो प्लॅस्टिकच्या काड्यांचा असतो. त्याच्या आत चार दांड्या, दर दांडीच्या टोकाला एक मोटर आणि एक पंखा. पंखे पिंजऱ्याच्या आत असल्यामुळे दोन चेंडू एकमेकांवर आदळले तरी बिघडत नाही. उलट आदळायचंच असतं.

मैदानाला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असते. आम्ही जाळीबाहेर रिमोट घेऊन उभे राहतो. दोन्ही टोकांना उंचावर एकेक कडं टांगलेलं असतं, तो गोल. इकडचे पाच, तिकडचे पाच. तीन-तीन मिनिटांचे तीन डाव. पाचांत एकच जण स्ट्रायकर असतो, त्याच्या चेंडूवर वेगळी खूण असते. तोच कड्यातून आरपार गेला तर गोल धरतात, बाकीच्यांनी गेलं तर काही नाही. आणि एक गोल झाला की त्याला आधी आपल्या अर्ध्या भागात परत यावं लागतं, मगच पुन्हा जाता येतं. उरलेल्या चौघांपैकी दोघं त्याला वाट करून देतात आणि दोघं आपल्या कड्यासमोर अडून राहतात.

आता खरी गोष्ट सांगते. स्ट्रायकर कोण, हे सर पंधरा ऑगस्टला ठरवणार. एक मी आणि एक साहिल. तो आष्टीचा आहे, बोलतो कमी आणि उडवतो वाऱ्यासारखं. सर म्हणतात माझा हात त्याच्यापेक्षा स्थिर आहे, पण सराव कमी पडतो. कसा पुरणार? मुलांना आठपर्यंत थांबता येतं आणि आम्हाला सहाला होस्टेलात हजेरी. ते दोन तास मी खोलीत बसून नुसते अंगठे हलवते. मला स्ट्रायकर व्हायचंच आहे, मोठेबाबा. खूप व्हायचं आहे.

अंकिता

-----

हिंगणी
४ ऑगस्ट

चि. अंकिता,

आता समजलं. डालीचं सांगतलं तवा मोठ्याईलेही समजलं. ती म्हणे, मंग पिल्लं काऊन उडवून राह्यले? मी तिले म्हटलं, तू भाकरी टाक.

तुले एक गोठ सांगतो. तुह्या खेळाले लागू पडते का नाई, थे तू ठरवजो. जोडीत एक बैल नेटाचा असते अन् एक समजदार. आपला पाखऱ्या नेटाचा होता. बंडी नाल्यातून काढताना थो असा जोर लावे का लोक काठावर उभे राहून त्याचंच नाव घेत. पण त्याच्या आंधी मोऱ्या अर्धं पाऊल पुढं टाके, गोटा कोठी आहे, गारा कोठी आहे थे पाहून घे, मंगच पाखऱ्याले वाट भेटे. मोऱ्याचं नाव कोणी घेतलं नाई. त्यानं त्यासाठी कधी चारा सोडला नाई.

पोळ्याले येजो. यंदा बावीस तारखेले आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी. तूप-हळद घ्याची, पळसाच्या पानानं बैलायचे खांदे शेकाचे, अन् कानात सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. चाळीस वर्षं झाले, एक साल चुकलो नाई. यंदा कोणाले आवतन देऊ? तू आली तर घरात थोडा आवाज राहीन. थो तुह्या चेंडूही घेऊन येजो, सर देत असन तर. मले पाहाचा आहे.

अन् हो, थे गोल, थे कडं किती रुंद असते?

मोठेबाबा

-----

वर्धा
१६ ऑगस्ट

ती. मोठेबाबा,

झाले! काल झेंडावंदनानंतर सरांनी नाव वाचलं. स्ट्रायकर मी!

आणि ऐका, सर चेंडूही घरी न्यायला देत आहेत. माझा सराव बुडतो हे त्यांना पटलं. पण अटी आहेत. पावसात उडवायचा नाही, लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही, आणि स्पर्धेसाठी जुळवलेला स्ट्रायकरचा चेंडू हा एकच आहे, त्याला काही झालं तर जबाबदारी माझी. साहिलला हे आवडलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, गावात धूळ असते, चिखल असतो, मशीन नाजूक आहे. जसा काही आष्टीत डांबरी चिखल पडतो. मला रागच आला.

वीस तारखेला संध्याकाळच्या बसने येते. मोठ्याईला पुरणाचं सांगून ठेवा. कडं साधारण हातभर रुंद असतं. का विचारलं?

तुमची स्ट्रायकर

-----

हिंगणी
२५ ऑगस्ट

चि. अंकिता,

तू काल गेली अन् घर खाली झालं. तुह्या डबा ओट्यावरच राह्यला, बंडूजीपाशी धाडून राह्यलो.

तान्ह्या पोळ्याची गोठ गावात अजून चालू आहे. लेकरं आपापले लाकडाचे नंदीबैल घेऊन तोरणाखाली रांगेनं उभे, अन् वरून तुह्या चेंडू भन्नकन आंब्याच्या दोन पानाच्या मधातून आरपार! लेकरं नंदी सोडून तुह्या मांगं पळाले. तानबा माह्या कानात ओरडून म्हणे, अण्णाजी, यंदाचं बक्षीस तुमच्या बैलाले द्या लागते. मले चेंडूचा आवाज आला नाई, पण साऱ्यायचे तोंडं उघडे पाह्यले, थेच खूप झालं. माह्या घरचं कोणीतरी यंदाही तोरणाखाली उभं होतं, यानं मले बरं वाटलं.

बाकी ठीक. मोठ्याईची तुपाची वाटी अर्धी झाली म्हणून ती मांजरीच्या मांगं लागली आहे. मी काई बोललो नाई.

सराव चांगला करजो.

मोठेबाबा

-----

वर्धा
२६ ऑगस्ट

ती. मोठेबाबा,

डबा मिळाला. मला रडू येतंय, म्हणून अक्षर असं आहे.

काल सरावाला चेंडू उडवला आणि पाचव्या मिनिटाला तो डावीकडे कलंडायला लागला. खाली घेतला तर एक मोटर हात लावू नये इतकी तापलेली. सरांनी उघडून पाहिलं. चारही मोटरींत काहीतरी पिवळट, चिकट भरलं होतं, त्यावर धूळ बसून लगदा झाला होता. सर म्हणाले ग्रीस असेल, हे कोणी मुद्दाम घातल्याशिवाय जात नाही. आता साफ होतात की नव्या मागवाव्या लागतात, ते पाहावं लागेल. स्पर्धेला महिना राहिला आहे.

मोठेबाबा, घरून निघेपर्यंत चेंडू ठीक होता. रविवारी संध्याकाळी मी पेटी साहिलच्या हातात दिली, कारण प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे असते. रात्रभर पेटी तिथेच. आणखी कोण असणार? मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, तुला स्ट्रायकर व्हायचं होतं, म्हणून तू हे केलंस.

त्याने उघडी मोटर उचलली, नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. एक शब्द बोलला नाही. सरांनी दोनदा विचारलं तरी नाही. चोराला तोंड कुठलं असणार? सरांनी त्याला सरावातून बंद केलं आहे. खरं काय ते सांगेपर्यंत येऊ नकोस म्हणाले. आता आम्ही चारच उरलो.

मी बरोबर केलं ना? तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं की मला बरं वाटेल.

अंकिता

-----

वर्धा
२ सप्टेंबर

ती. मोठेबाबा,

आठवडा झाला, तुमचं पत्र नाही. बंडूजी म्हणतात तुम्ही ठीक आहात, रोज वावरात जाता, गाडी आली की मात्र घरात निघून जाता. माझ्यावर रागावलात का? मी साहिलला सगळ्यांसमोर बोलले ते तुम्हाला आवडलं नाही का? काल तो जेवणाच्या सुटीत एकटाच बसला होता. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

दोन ओळी तरी पाठवा.

अंकिता

-----

हिंगणी
३ सप्टेंबर

चि. अंकिता,

त्या पोराचा काई गुन्हा नाई. गुन्हेगार हिंगणीत बसून तुले पत्र लिहून राह्यला.

खांदशेकणीच्या संध्याकाळी तू तुह्या मैत्रिणीकडं, जागृतीकडं, मेंदी काढाले गेलती. साऱ्या गावात जो थो आपल्या कोठ्यात होता. तानबा हातात पळसाचं पान घेऊन माह्या समोरून गेला, अन् मले पाहून त्यानं पान मांगं लपवलं. मले थे लय लागलं. मी घरात आलो. बाजेवर तुह्या चेंडू होता. मी पिंजऱ्यातून पाह्यलं, तं आत चार दांड्या, अन् चारीच्या टोकाले मोटर. दोन बैलायचे चार खांदे असते, यालेही चार. सारा भार त्याच्यावरच. माह्या हातानं वाटी कवा उचलली, थे मलेच समजलं नाई.

मी काई बह्यताड नाई, पोरी. त्यात जीव नाई हे मले मालूम आहे. पण तू म्हणे, हा माह्यासाठी दिवसभर आदळते, पडते, अन् पुन्हा उठते. मी म्हटलं, जो राबते त्याचा खांदा शेकला पायजे. पानाचं टोक काड्यायच्या मधातून घातलं अन् चारी खांदे तूप-हळदीनं चांगले चोळले. हात आखडता घेतला नाई. मंग वरून फडक्यानं पुसून घेतलं, तुले दिसू नये म्हणून. अन् त्याच्याजवळ तोंड नेऊन सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तुहं पत्र आलं, पिवळं चिकट वाचलं, अन् थे माह्याच हातचं तूप आहे हे मले समजलं. रोज लिहाले बसलो अन् उठलो. तू रागावशीन याचं भेव नव्हतं. तू हासशीन याचं होतं. म्हातारा सटकला, मशीनले तूप लावते, असं तुह्या कॉलेजातले पोरं म्हणतीन, अन् तुले खाली पाहा लागीन. माह्या एवढ्याशा लाजेपायी एका लेकराले चोर व्हा लागलं. हे चांगलं झालं नाई.

अन् आणखी एक. आवतन देऊन मी त्याले उपाशीच धाडलं. पोळ्याच्या दिवशी तुह्या बाबासमोर त्याच्यापुढं ताट वाढाची माही हिंमत झाली नाई. हेही मनाले लागून आहे.

परवा बंडूजीच्या गाडीनं येतो. सराले काई सांगू नोको. माह्या तोंडानं मीच सांगतो.

मोठेबाबा

-----

वर्धा
८ सप्टेंबर

ती. मोठेबाबा,

शुक्रवारी तुम्ही जे बोललात ते सगळ्या कॉलेजानं ऐकलं. दुसऱ्या मजल्यावरचे बारावीवालेसुद्धा गॅलरीत आले होते. पण आम्ही काय बोललो ते तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि तुम्ही बंडूजींची गाडी सुटेल म्हणून लगेच निघालात. म्हणून लिहिते.

तुम्ही धोतर सावरत सरांच्या टेबलापुढे उभे राहिलात, हात जोडलेत आणि म्हणालात, “सर, मशीनले तूप मी लावलं. पोराले सोडा.” तेव्हा कोणी हसलं नाही. खरंच सांगते, एकही जण नाही. सरांनी खुर्ची पुढे केली, ती तुम्ही पाहिली. पण ते जे हळू बोलले ते असं, की माझ्या वडिलांच्या बैलांना जाऊन वीस वर्षं झाली, आणि मला ते पळसाचं पान आज आठवलं. मग चष्मा पुसत बसले.

तुम्ही गेल्यावर मी साहिलपाशी गेले. सगळ्यांसमोर आळ घेतला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. मग विचारलं, तुला कधी कळलं होतं? तर म्हणाला, मोटर नाकाशी नेली तेव्हाच. तूप आणि हळद. त्यांच्या घरीपण शेकतात. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? त्यावर तो म्हणाला, “मी बोललो असतो तं सारे हासले असते. घरच्या मोठ्या माणसावर कोणी हासावं, हे मले पटलं नाई.”

मोठेबाबा, मी अकरा दिवस ज्याला चोर समजत होते, तो माझ्याच घरची लाज झाकून बसला होता. मला इतकं ओशाळल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं. तुमच्यावर मी रागावले नाही. हसले मात्र थोडी. नंतर, एकटीच, आणि मग रडले.

मोटरींचं सांगायचं तर सर आणि साहिल दोन दिवस त्या साफ करत होते. तीन सुधारल्या, एक नवी बसवली. चेंडू उडतो, पहिल्यासारखा. सरांनी स्ट्रायकरची जागा मलाच ठेवली होती. मी सरांना म्हटलं, साहिलला द्या, मी त्याच्यापुढे उडते. सर म्हणाले, उपकार फेडायचे म्हणून असेल तर नको. मी म्हटलं, तसं नाही. तो नेटाचा आहे आणि माझा हात स्थिर आहे, आमच्याकडे अशी जोडी होती. सर काही समजले नाहीत, पण खेळवून पाहिलं. पहिल्याच डावात साहिलनं चार गोल केले.

वाईट वाटत नाही असं नाही. पाटीवर आता त्याचं नाव वर आहे. पण मी जेवते वेळेवर.

अंकिता

-----

हिंगणी
१२ सप्टेंबर

चि. अंकिता,

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्या खेपी मनातल्या मनात. मोठ्याईनं मांजरीची माफी मागून तिले दूध पाजलं अन् माह्याशी दोन दिवस बोलली नाई. मले फरक समजला नाई, म्हणून ती जास्त चिडली.

सोबत सुतळी आहे. थे कडं आतल्या बाजूनं मोजून सुतळीले गाठ मारून धाडजो. हातभर म्हणजे कोणाचा हात? काऊन पायजे थे इच्यारू नोको.

साहिलसाठी शेंगदाण्याची चटणी धाडून राह्यलो. त्याले सांगजो, हिंगणीच्या म्हाताऱ्याचा त्याच्यावर जीव बसला.

मोठेबाबा

-----

वर्धा
२८ सप्टेंबर

ती. मोठेबाबा,

आम्ही दुसरे आलो! सोळा संघांत दुसरे. काल रात्री नागपूरहून परत आलो, घसा बसला आहे, म्हणजे आता मीही फक्त पत्रातच बोलू शकते.

सकाळी पहिल्या सामन्याआधी साहिलनं खिशातून पळसाचं पान काढलं. कोरडं, नुसतं पान. पाचही चेंडूंच्या पिंजऱ्यांवरून एकेकदा फिरवलं आणि पुटपुटला, आज आवतन घ्या. बाजूच्या संघातली मुलं बघत राहिली. झाडे सरांनी पान हुंगून पाहिलं, तूप आहे का म्हणून. मग आम्ही सगळेच हसलो.

तीन सामने जिंकलो. शेवटचा सामना नागपूरच्याच एका संघाशी होता, त्यांचे चेंडू आमच्यापेक्षा भारी. त्यांचे दोघं कड्यासमोर भिंत करून उभे राहत. मी सरळ त्यांच्या मध्ये शिरायचे, दोघांना धडकायचे, बाजूला ढकलायचे, आणि माझ्या मागून साहिल आरपार. मला वर बघायलाही वेळ मिळायचा नाही, लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं. तिसरा डाव एका गोलनं गेला. सगळे साहिल, साहिल ओरडत होते. मोठेबाबा, मला त्याचं काही वाटलं नाही. मी खोटं लिहीत नाही. मला नाल्यातली बंडी आठवत होती.

आता पुढची स्पर्धा जानेवारीत. सहाच्या हजेरीचा प्रश्न आहे तसाच आहे, पण तेव्हाचं तेव्हा. सुतळी मोजून पाठवली होती, पोचली ना?

अंकिता

आजोबा, नमस्कार. चटणी संपली. अंकिता पुढं नसती तं माह्यानं एकही गोल झाला नसता. हे तिले सांगतलं नाई, तुमाले सांगून राह्यलो. साहिल.

-----

हिंगणी
४ ऑक्टोबर, शनिवार

चि. अंकिता, चि. साहिल, अन् बाकीचे तिघं ज्यायचे नाव मले अजून मालूम नाई,

सुतळी पोचली होती. तिच्या मापानं चिंधू लोहारापाशी दोन कडे करून घेतले. लोखंड आपल्या जुन्या बंडीच्या चाकाची धाव कापून काढलं. बंडी दोन सालापासून उभीच होती, अन् आता तिले जुपाले कोण आहे? लोखंड टणक असते, चेंडूले लागू नये म्हणून कड्यायले पाखऱ्या-मोऱ्याची पोळ्याची झूल गुंडाळली. मोठ्याईनं शिवली. आरसे काढून घेतले, नाई तं चमकून तुमचे डोळे दिपतीन.

बोर धरणावर मासे धरणाऱ्यायनं आपलं जुनं जाळं देलं. तानबानं अन् तुह्या बाबानं थे कोठ्याच्या चारी भिंतीले अन् वरती आढ्याले ताणून बांधलं. दावणीचे खुटे उपटले. उपटताना हात थांबला होता, खोटं काऊन सांगू. मंग उपटले. जागा लांबरुंद आहे, पावसाचं भेव नाई, अन् संध्याकाळी सहाले कोणी हजेरी घेत नाई. सुटीच्या दिवशी या, पायजे तितका वेळ उडवा. झाडे सराले बंडूजीपाशी येगळी चिठ्ठी देली आहे, त्यात तूप लावणार नाई असं लिहून सही केली आहे.

उद्या रविवार. बंडूजी सकाळी आठले गाडी घेऊन होस्टेलच्या दारात उभा राहीन. मोठ्याईनं पुरण आजच शिजाले टाकलं. पाच ताटं तुमची, अन् पाच पानं चेंडूयची, पळसाची. त्यातला एक माह्या पाहुणा आहे, त्याचं जेवण माह्याकडं पोळ्यापासून राह्यलं आहे. तूप यंदा फक्त पोळीवर.

हे पत्र त्याच्याजवळ नेऊन वाचजो, म्हणजे माह्याकडून पुन्हा सांगणं होईन. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

कोठा झाडून ठेवला आहे. सकाळपासून मी अठीच बसून आहे.

मोठेबाबा